घरच्या स्टुडिओसाठी टॉकबॅकवाला मॉनिटर कंट्रोलर: स्पीकरच्या वाटेत कमीत कमी, टॉकबॅकच्या वाटेत हवं तेवढं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: टू बीएचकेमधली एक खोली कंट्रोल रूम, पलीकडची व्हॉइस आणि गाण्याचं बूथ, इंटरफेसला चार लाइन आउट, पॉवर्ड स्पीकरच्या दोन जोड्या. आणि हवंय काय, तर एक मोठा व्हॉल्यूम नॉब, ए-बी (स्पीकरच्या दोन जोड्यांत अदलाबदल), मोनो, डिम (आवाज पटकन ठरावीक खाली आणणं), म्यूट आणि बूथमधल्या माणसाशी बोलायला टॉकबॅक. सोल्डरिंग बऱ्यापैकी येतं, सर्किट डिझाइन येत नाही, तर घरी बनवावं का आणि बनवायचं तर पॅसिव्ह (नुसते रेझिस्टर आणि स्विच) की ॲक्टिव्ह (पॉवरवर चालणारं सर्किट).

बनवा. पण आधी इंटरफेसचं सॉफ्टवेअर नीट बघून घ्या, कारण आरएमईच्या टोटलमिक्ससारख्यात डिम, मोनो, स्पीकर बी, टॉकबॅक सगळं आधीच असतं आणि तेवढ्यावर वर्षानुवर्षं काम करणारे लोक आहेत. तरी मी हार्डवेअरच्या बाजूने आहे, कारण सॉफ्टवेअर हँग झालं किंवा सेशन उघडताना एखादा प्लगइन बोंबलला की हात आपोआप नॉबकडे जातो, आणि तो नॉब खरा, स्पीकर आणि कॉम्प्युटरच्या मधे बसलेला असला तर कान आणि ट्वीटर दोन्ही वाचतात.

आता पॅसिव्ह की ॲक्टिव्ह. माझं मत स्पष्ट आहे, स्पीकरकडे जाणारी वाट पूर्ण पॅसिव्ह ठेवा आणि जी काही इलेक्ट्रॉनिक्सची हौस आहे ती टॉकबॅक आणि क्यूच्या (गायकाच्या हेडफोनला जाणाऱ्या मिक्सच्या) वाटेत भागवा. मॉनिटरच्या वाटेत काही चुकलं तर तुम्ही पुढची सगळी मिक्सेस चुकीची ऐकणार, टॉकबॅकमध्ये थोडा हिस आला तर कुणाचं काही बिघडत नाही. शिवाय पॅसिव्ह बॉक्सची पॉवर गेली तरी गाणं चालू राहतं.

व्हॉल्यूम कंट्रोलसाठी बहुतेक जण शोधतात तो चार गँगचा पॉट (एकाच दांड्यावर चार व्हेरिएबल रेझिस्टर), म्हणजे लेफ्ट हॉट, लेफ्ट कोल्ड, राइट हॉट, राइट कोल्ड असा प्रत्येकाला एक (हॉट आणि कोल्ड म्हणजे बॅलन्स्ड केबलमधल्या सिग्नलच्या दोन तारा). तो घेऊ नका. चांगला मिळणं मुश्कील, आणि साध्या पॉटच्या गँग एकमेकींशी जुळत नाहीत, त्यामुळे लेफ्ट-राइट तर हलतंच पण हॉट आणि कोल्डमध्येही फरक पडतो, आणि मग बॅलन्स्ड लाइनचा जो मुख्य फायदा, दोन्ही तारांवर सारखाच आलेला हम कापला जाणं, तोच जातो. त्यापेक्षा असं करा, हॉटमध्ये २.२ केचा एक रेझिस्टर सिरीजमध्ये, कोल्डमध्ये तसाच दुसरा, आणि त्यांच्या पुढे हॉट आणि कोल्डच्या मधे आडवा पॉट, १० के लॉग, मधलं टोक (वायपर) आणि कडेचं एक, एवढी दोनच वापरून. लेफ्टला एक गँग, राइटला एक गँग, म्हणजे साधा स्टिरिओ पॉट पुरतो. पॉट कितीही वाकडा असला तरी तो दोन्ही तारांना सारखाच दिसतो, बॅलन्स फक्त त्या २.२ केच्या जोडीवर अवलंबून राहतो. म्हणून ते रेझिस्टर एक टक्का मेटल फिल्म घ्या, वीस-पंचवीस एकदम आणा (स्वस्तच असतात) आणि मल्टीमीटरने मोजून सगळ्यात जवळचे चार निवडा. दोघांत १ टक्का म्हणजे २२ ओहमचा फरक असला आणि पुढच्या स्पीकरचा इनपुट प्रत्येक तारेला १० के असला तर हम कापण्याची ताकद जेमतेम ५५ डीबीवर येते, तोच फरक २-३ ओहमवर आणला तर ७० च्या वर जाते, आणि हे सगळं फुकटात.

२.२ केच का? कारण पॉट शून्यावर असताना इंटरफेसला ४.४ केचा लोड दिसतो, कुठलाही लाइन आउट तो आरामात चालवतो, आणि दुसऱ्या बाजूला आउटपुट इम्पिडन्सही कमी राहतो. लोक ५० केचा पॉट लावतात कारण तो कपाटात पडलेला असतो, पण साधा ५० केचा पॉट अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे -६ डीबीवर, जवळजवळ १२.५ केचा सोर्स होतो, आणि पुढे १० मीटर केबल असेल, मीटरला १०० पिकोफॅरड धरले, तर १२-१३ किलोहर्ट्झपासूनच वरचा भाग गळायला लागतो. मग म्हणायचं पॅसिव्ह कंट्रोलरने ट्रेबल जातो. पॅसिव्हने नाही जात, चुकीच्या व्हॅल्यूने जातो. वरच्या सर्किटमध्ये पॉट कुठेही असला तरी हा सोर्सचा आकडा साधारण ३ केच्या वर जात नाही आणि ५ मीटर केबलला कटऑफ १०० किलोहर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे विषयच संपला.

या सर्किटचा एक धोका मात्र आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. पॉट आडवा असल्यामुळे त्याचा वायपर क्षणभर उचलला गेला, धूळ बसली, पॉट जुना झाला, तर आवाज बंद होत नाही, उलट फुल होतो! म्हणून पॉटला समांतर एक २.२ केचा कायमचा गार्ड रेझिस्टर हॉट-कोल्डच्या मधे टाकाच. मग पॉट पूर्ण तुटला तरी आवाज इनपुटच्या -९.५ डीबीच्या वर जाणार नाही. नॉब फुल केल्यावर साधारण -१०.७ मिळतं, जे इंटरफेसच्या आउटपुटला भरपूर आहे, कमी वाटलं तर स्पीकरच्या पाठीमागचा ट्रिम थोडा वाढवा. नॉब नेहमीच्या ऐकण्याच्या लेव्हलला मधल्या पट्ट्यात कुठेतरी आला पाहिजे, एकदम खालच्या टोकाला नाही, कारण स्वस्त लॉग पॉटचं लेफ्ट-राइट तिथेच सगळ्यात जास्त वाकडं असतं, दोन-तीन डीबीचा फरक सहज सापडतो आणि मग व्होकल सेंटरला का नाही म्हणून तुम्ही मिक्समध्ये शोधत बसता.

हा फरक सहन होत नसेल तर पॉटऐवजी रोटरी स्विच आणि फिक्स रेझिस्टर, १२ पोझिशन २ पोल. हॉट-कोल्डमधला एकूण आडवा रेझिस्टन्स, गार्डचा २.२ के धरून, -२० डीबीला साधारण ४९० ओहम, -३० ला १४४, -४० ला ४४ येतो. सूत्र सोपं आहे, जितका डीबी हवा त्याचं व्होल्टेजचं गुणोत्तर काढा, त्याला १ वजा तेच गुणोत्तर याने भागा आणि ४४०० ने गुणा. पण स्विच घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा, मेक-बिफोर-ब्रेक आहे का, म्हणजे पुढचा कॉन्टॅक्ट लागल्यावर मागचा सुटणारा. उलटा असेल तर प्रत्येक स्टेपला मधल्या क्षणी आडवा रेझिस्टर गायब होतो आणि स्पीकरमधून फाट्कन आवाज येतो, गार्डमुळे मर्यादेत राहील पण तरी दर स्टेपला तो आवाज ऐकायची कुणाची इच्छा नसते. विचारून उत्तर मिळेलच असं नाही, तेव्हा सरळ मल्टीमीटर बीपवर लावून काउंटरवरच हळूहळू फिरवून बघा.

याच सर्किटमध्ये मोनो फारच स्वस्तात मिळतो. २.२ केच्या पुढे, लेफ्ट हॉट आणि राइट हॉट एकमेकांना जोडा, कोल्ड कोल्डला, दोन पोलचा एक साधा टॉगल. आउटपुट एकमेकांशी भांडत नाहीत कारण मधे प्रत्येकाचा रेझिस्टर आहे, आणि हिशोब मांडून बघा, दोन्ही बाजूंना जे सारखं आहे ते मोनो केल्यावर त्याच लेव्हलला राहतं. त्यामुळे बटण दाबल्यावर व्होकल, किक, बेस जागच्या जागी आणि फक्त बाजूचं काय हललं ते कळतं. इनपुटच्या २.२ केच्या आधी राइटचे हॉट-कोल्ड उलटे करणारा अजून एक टॉगल टाकला तर मोनोसोबत तो दाबून फक्त साइड, म्हणजे लेफ्ट-राइटमधला फरक, ऐकता येते, रिव्हर्बचं शेपूट आणि एमपी३ चा कचरा त्यात लख्ख दिसतो. हा ऑप्शनल आहे, मला तो लागतोच. म्यूट म्हणजे हॉट आणि कोल्ड एकमेकांना शॉर्ट, प्रत्येक चॅनलला एक पोल, बस.

ए-बीसाठी चार पोलचा टॉगल लागतो. बंद जोडीचे इनपुट हवेत लटकतात, काही स्पीकर त्यावर बारीक गुणगुणतात, तसं झालं तर प्रत्येक आउटपुट जॅकवर हॉट-कोल्डमधे १० के टाकून द्या. आणि दोन्ही जोड्या एकाच लेव्हलला आणल्याशिवाय ए-बी करू नका, नाहीतर जी जोडी मोठी वाजते तीच नेहमी चांगली वाटते.

डिम जरा विचार करून करावा लागतो. सहज सुचतं ते म्हणजे पॉटला समांतर एखादा ४७० ओहम टाकणारा स्विच, पण मग डिम किती होईल ते नॉब कुठे आहे त्यावर ठरतं, नॉब वर असेल तर बरंच, आधीच खाली असेल तर जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे उलट करा, २.२ केच्या सोबत सिरीजमध्ये प्रत्येक तारेत अजून २० के टाका आणि रिलेच्या नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्टने ते २० के एरवी शॉर्ट करून ठेवा. रिले लागला की सिरीज दहापट होते आणि आवाज १७ ते २० डीबीने खाली येतो, नॉब कुठेही असो. आणि पॉवर गेली की कॉन्टॅक्ट आपोआप जोडला जातो, सिग्नल चालू. चार तारा म्हणजे दोन डीपीडीटी (दोन पोलचे, दोन बाजूंचे) रिले. छोटे सिग्नल रिले घ्या, १२ व्होल्ट कॉइलचे, सोन्याचा मुलामा असलेल्या कॉन्टॅक्टचे. पंख्या-दिव्यासाठीचे पॉवर रिले घेऊ नका, त्यांच्या कॉन्टॅक्टला स्वच्छ राहायला करंट लागतो आणि ऑडिओत तेवढा करंट नसतो, सहा महिन्यांत खरखर सुरू होते. प्रत्येक कॉइलवर उलटा १एन४१४८ लावायला विसरू नका.

डिम फक्त फोन आला की आवाज कमी करायला असतो असं वाटत असेल तर इथे थांबून वाचा, कारण टॉकबॅक नीट चालणं याच्यावरच आहे. गोल फिरून बघा, तुमचा टॉकबॅक माइक बोलला, ते गायकाच्या हेडफोनमध्ये गेलं, हेडफोनमधून थोडं गळून गायकाच्या कंडेन्सर माइकमध्ये शिरलं, तो माइक तुमच्या स्पीकरमधून वाजतोय, आणि स्पीकर परत टॉकबॅक माइकला ऐकवतोय. सर्कल पूर्ण. गायकाने हेडफोन एका कानावरून सरकवलेला असेल, आणि गाणारी बरीच मंडळी सरकवतातच, तर शिट्टी सुरू. बटण दाबताक्षणी स्पीकर २० डीबी खाली गेले की हे सर्कल तुटतं. म्हणून टॉकबॅकचं बटण आणि डिमचे रिले एकाच तारेवर पाहिजेत: बटणाने टॉकबॅकचा रिले लागतो, आणि त्याच लाइनवरून एका डायोडमधून डिमचे दोन्ही रिलेही लागतात. डायोड एवढ्यासाठी की नुसतं डिमचं टॉगल दाबलं तर टॉकबॅक उघडू नये.

बटण दाबून धरायचंच घ्या, दाबून अडकणारं नको. अडकणाऱ्या बटणाने किती सेशन्सची वाट लागली असेल देव जाणे, कंट्रोल रूममध्ये गाणाऱ्याच्या सुराबद्दल, मानधनाबद्दल जे काही बोललं जातं ते त्याच्याच कानात ऐकू जाणं परवडत नाही. वर एक ठसठशीत लाल एलईडी. आणि मागे फूटस्विचचा जॅक नक्की ठेवा, हार्मोनियम किंवा कीबोर्ड वाजवत गाइड देणाऱ्याला हात मोकळे नसतात. कीबोर्डचा सस्टेन पेडल चालतो, फक्त काही पेडल एरवी उघडे असतात आणि काही एरवी बंद, आधी मल्टीमीटरने बघून घ्या नाहीतर पेडल लावल्या लावल्या टॉकबॅक कायमचा चालू.

माइकला काहीही भारी नको. साधी इलेक्ट्रेट कॅप्सूल. पण गेनचा अंदाज लोक चुकवतात. कॅप्सूल -४४ डीबीची असेल तर ९४ डीबी एसपीएलला ती ६.३ मिलिव्होल्ट देते, तुम्ही अर्ध्या-पाऊण मीटरवरून नेहमीच्या आवाजात बोललात तर तिथे ६५ च्या आसपास पोचतं, म्हणजे ०.२ मिलिव्होल्ट. याला लाइन लेव्हलला न्यायला ६०-७० डीबी गेन लागतो. एका ट्रान्झिस्टरच्या सर्किटने ३०-४० डीबी मिळतो आणि मग टॉकबॅक पुटपुटतो, गायक विचारतो काय म्हणालात, तुम्ही माइकवर वाकून ओरडता. त्यातून, दूरवरून बोलणारा माणूस आणि जवळून हसणारा माणूस यांत ३० डीबीचा फरक असतो, त्यामुळे कंप्रेसर हवाच. कन्सोलवाल्यांनी हे फार आधी ओळखलं होतं, एसएसएलच्या कन्सोलमध्ये वादकांचं बोलणं ऐकायच्या लिसन माइकवर जबरदस्त कंप्रेसर बसवलेला असायचा, १९८० च्या सुमारास लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत तो चुकून ड्रमवर ऐकू आला आणि त्यातून गेटेड ड्रमचा तो प्रसिद्ध आवाज निघाला.

तुम्हाला एवढं काही करायचं नाहीये, मॅक्स ९८१४ चिपचं तयार मॉड्यूल घ्या, कॅप्सूलसकट येतं, आत माइकचं बायस, ४०, ५० किंवा ६० डीबी गेन आणि ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी करा, ऑनलाइनही मिळतं. गेनची पिन मोकळी सोडली तर ६०, ग्राउंडला ५०, सप्लायला ४०. स्टुडिओच्या शांततेत ५० ने सुरुवात करा. सप्लाय ५ व्होल्ट, पण थेट रेग्युलेटरवरून देऊ नका, मधे १०० ओहम आणि ४७० मायक्रोफॅरड टाका. आउटपुटवर सव्वा व्होल्टाचा डीसी असतो म्हणून कपलिंग कपॅसिटर लागतो, प्लस-मायनसवाला असेल तर प्लस बाजू मॉड्यूलकडे. माझा आग्रह असा की १०० नॅनोफॅरड आणि पुढे १० के वापरा, म्हणजे १६० हर्ट्झच्या खालचं आपोआप कापलं जातं, एसीची घरघर आणि टेबलाची धडधड गायकाच्या कानात जात नाही, आणि बोलणं उलट जास्त स्पष्ट कळतं.

या ऑटोमॅटिक लेव्हलची एक खोड आहे. मॉड्यूल सतत चालू असतं, स्पीकर मोठ्याने वाजत असताना त्याने स्वतःचा गेन पाडलेला असतो आणि तो परत वर यायला वेळ घेतो, त्यामुळे प्लेबॅक थांबवून लगेच बोललात तर पहिले दोन शब्द बारीक जातात. रिलीजचं प्रमाण एआर पिनवरून बदलतं, मोकळी सोडली तर सगळ्यात संथ, ग्राउंड केली तर सगळ्यात जलद, टॉकबॅकला ग्राउंडच करा. बटणाने मॉड्यूलचा सप्लाय तोडायची कल्पना मात्र डोक्यातून काढा, दर वेळी चालू होताना हेडफोनमध्ये धप्प होतं.

माइक बॉक्समध्येच बसवणार असाल तर त्याला फोमच्या तुकड्यात धरा आणि बटणापासून जितका लांब जाईल तितका ठेवा. कडक बटणाचा टक् आवाज थेट पत्र्यातून कॅप्सूलमध्ये जातो, आणि तोच आवाज गायकाला दिवसभर ऐकावा लागतो. छोट्या गूजनेकवर बाहेर काढला तर उत्तम.

आता हे क्यूमध्ये मिसळायचं. इंटरफेसचे आउट १-२ स्पीकरच्या पॅसिव्ह भागात, ३-४ हेडफोनच्या क्यूला. क्यूच्या दोन्ही चॅनलना एक-एक बॅलन्स्ड रिसीव्हर, आयएनए १३४ मिळाला तर छान, आत लेझरने जुळवलेले रेझिस्टर असतात, नाहीतर एनई५५३२ ऑप-अँप आणि चार-चार जुळवलेले १० के. त्यापुढे एनई५५३२ चा इन्व्हर्टिंग समिंग (सिग्नल मिसळून उलटवणारा टप्पा), क्यूसाठी १० के, टॉकबॅकसाठी लेव्हल पॉटनंतर १० के, फीडबॅकला १० के. टॉकबॅकच्या १० केचं पुढचं टोक रिलेच्या कॉमनला, एरवी ते ग्राउंडला आणि बटण दाबल्यावर समिंग पॉइंटला. समिंग पॉइंट स्वतःच ग्राउंडच्या लेव्हलला बसलेला असतो, त्यामुळे त्या टोकाला स्विच झाल्याचं कळतच नाही आणि क्लिक येत नाही. लेफ्ट-राइट दोघांना दोन १० के, एकच डीपीडीटी रिले.

इथे एक गोष्ट लक्ष देऊन करा. समिंगने पोलॅरिटी उलटते, म्हणून रिसीव्हरवर हॉट आणि कोल्ड अदलाबदल करून जोडा म्हणजे शेवटी सरळ बाहेर येईल. वाटतं की काय फरक पडतो, पण गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हाडांतूनही ऐकू येत असतो, हेडफोनमधला उलटा आला की खालचा भाग कापला जातो आणि तो म्हणतो माझा आवाज पातळ येतोय, मग तुम्ही इक्यू लावता, रिव्हर्ब लावता, माइक बदलता.

बूथपर्यंत केबल लांब असेल तर आउटपुट हॉटला १०० ओहममधून, कोल्डला दुसरा १०० ओहम सरळ ग्राउंडला, एवढ्याने ती बॅलन्स्ड इनपुटसाठी पुरेशी बॅलन्स्ड होते आणि ऑप-अँप केबलच्या कपॅसिटन्सने बिथरत नाही. बूथमध्ये तयार हेडफोन अँप ठेवा. नुसत्या ५५३२ ने ३२ ओहमचे हेडफोन चालवायचा मोह नको. आणि ५५३२ ओळखीच्या दुकानातूनच घ्या, खरवडून नवं नाव छापलेल्या चिपा बाजारात भरपूर फिरतात, हिस किंवा डीसी विचित्र वाटला तर आधी चिप बदलून बघा.

पॉवरसाठी १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर, ७८१५ आणि ७९१५, रिलेला वेगळा ७८१२. रिलेच्या करंटची परतीची वायर थेट पॉवर सप्लायपर्यंत वेगळी न्या, ऑडिओच्या ग्राउंडमधून नको. ट्रान्सफॉर्मर मुख्य बॉक्सच्या बाहेर, वेगळ्या डब्यात ठेवला तर दोन फायदे, ५० हर्ट्झचं क्षेत्र ऑडिओपासून लांब आणि २३० व्होल्टही. त्या डब्याला फ्यूज आणि तीन पिनांचं अर्थिंग पाहिजेच, मेन्सच्या जोडणीचा अनुभव नसेल तर तेवढा भाग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

बॉक्स पत्र्याचा, ॲल्युमिनियमचा चालेल. लाकडी सुंदर दिसतो पण आत फॉइल लावून ते चेसिसला जोडल्याशिवाय उपयोग नाही. एक्सएलआरची पिन १ सॉकेटच्या शेजारीच, आखूड वायरने चेसिसला, पीसीबीवरून फिरवून नाही. ऑडिओ इंजिनिअर नील मन्सी यांनी १९९५ मध्ये हाच पिन १ चा घोळ सविस्तर दाखवून दिला होता, २००५ मध्ये त्यावर ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीचं एईएस४८ हे स्टँडर्डही आलं, तरी आजही कित्येक महागड्या बॉक्समध्ये शील्डचा कचरा थेट सर्किटच्या ग्राउंडमध्ये सोडलेला सापडतो.

एवढं करूनही गुणगुण आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. दोन पिनांचा चार्जर लॅपटॉपच्या बॉडीवर फिल्टरच्या कपॅसिटरमधून व्होल्टेज सोडतो, बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ते हेच. तो काढल्यावर शांत झालं तर तुमच्या बॉक्सचा दोष नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये सॉकेटला अर्थिंगचं भोक असतं पण मागे वायर नसते, ते तपासून घ्या. अर्थची पिन मोडून हम घालवणारे सल्लागार भेटतील, त्यांचं ऐकू नका, त्यात जीव जातो.

चालू करताना पहिले काही तास चांगले स्पीकर जोडूच नका. आधी मल्टीमीटरने प्रत्येक पिन, मग इंटरफेसमधून १ किलोहर्ट्झचा टोन -२० डीबीएफएसला सोडा आणि आउटपुट परत इंटरफेसच्या इनपुटला घ्या. दोन्ही चॅनल रेकॉर्ड करून एक उलटा करा आणि मिसळा, सारखे असतील तर नाहीसे होतील. ३० डीबीने खाली गेलं तर फरक पाव डीबीच्या आसपास आहे, चालेल. हे नॉबच्या चार-पाच जागांवर करा, पॉट कुठे वाकडा आहे तो नकाशाच हातात येतो. मग हॉट आणि कोल्ड एकत्र बांधून दोघांना तोच टोन द्या, काहीच यायला नको, जितकं येतं तितकी तुमची रेझिस्टरची जोडी वेगळी.

शेवटी नॉबवर खूण. फिल्मच्या मोठ्या थिएटरचा ८५ डीबीचा आकडा दहा बाय बाराच्या खोलीत लावायला जाऊ नका, अमेरिकेतल्या टीव्ही प्रसारणाची स्टँडर्ड ठरवणाऱ्या एटीएससीच्या ए/८५ मध्ये १५०० घनफुटांच्या आतल्या खोलीसाठी ७६ दिलाय आणि आपल्या बेडरूम त्यातच बसतात. -२० डीबीएफएसचा पिंक नॉइज, एका वेळी एकच स्पीकर, मीटर सी-वेटिंग आणि स्लोवर, बसायच्या जागी कानाच्या उंचीला. ७६ आला की तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका. बी जोडीला स्पीकरच्या ट्रिमने त्याच ठिपक्यावर आणा. टॉकबॅकची लेव्हल मात्र तुम्ही ठरवू नका, बूथमध्ये दुसऱ्या कुणालातरी हेडफोन घालून बसवा, ट्रॅक चालू ठेवा आणि नेहमीच्या खुर्चीत टेकून, नेहमीच्या आवाजात बोला, त्याला न ओरडता कळलं की पॉट तिथेच सोडा.